दर्याचं वतन

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



कोटा हा शब्द आपल्याला नवा नाही. शाळेत, कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीत, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तो आपल्या तोंडावर फेकला जातो. 'कोट्यातून आलाय.' म्हंजे फुकट आलाय, लायकी नसताना आलाय. आज मी दुसऱ्या एका कोट्याबद्दल बोलणार आहे. माशांचा कोटा. वर्षाला दर्यातून किती मासा काढायचा नि तो कुणी काढायचा, हे सरकार ठरवतं, तो कोटा. जगात बऱ्याच देशांत तो आहे. तो पहिल्यांदा वाटला तेव्हा बहुतेक ठिकाणी बोटवाल्यांना नि कंपनीवाल्यांना मिळाला. परीक्षा नाही, मुलाखत नाही, लायकीचा दाखला नाही. मिळाला तो विकता येतो, भाड्यानं देता येतो, पोरांच्या नावावर करता येतो. आणि ह्या लोकांना 'कोटेवाले' म्हणून कुणी हिणवत नाही. त्याला म्हणतात मालमत्ता.

तुम्ही म्हणाल, आपला नि माशांचा काय संबंध? मी गोदीत ओझी उचलतो. दर्यावरून जे येतं ते आमच्या पाठीवरून शहरात जातं. पण दर्या कुणाच्या नावावर आहे, हे आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही नि आम्ही विचारलं नाही. आता विचारायची वेळ आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. मासा संपतो. 'दर्या अथांग आहे, कितीही काढा' ही भाषा आपण बोलायची नाही. ती ट्रॉलरवाल्या कंपन्यांची भाषा आहे. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड आहे. तिथं पाचशे वर्षं कॉड नावाच्या माशावर गावंच्या गावं जगली. मग मोठमोठे ट्रॉलर आले. १९६८ साली एका वर्षात ८ लाख टनांहून जास्त कॉड उपसला गेला. १९७७ साली कॅनडानं २०० मैलांपर्यंतचा दर्या आपला म्हणून जाहीर केला, परक्या बोटी हाकलल्या, नि आपले ट्रॉलर घातले. दरसाल कोटा ठरत होता. आकडे होते, शास्त्रज्ञ होते, मंत्री होते. तरी मासा संपला. २ जुलै १९९२ ला सरकारनं कॉडची मासेमारी बंद केली. ३० हजारांच्या आसपास माणसं एका झटक्यात बेकार झाली. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली होती. ती उठली २०२४ साली. म्हंजे बत्तीस वर्षांनी.

कोटा असून मासा का संपला? कारण आकडा चुकीच्या तोंडून ऐकला होता. ट्रॉलरच्या जाळ्यात भरपूर मासा येतोय, म्हंजे दर्यात भरपूर आहे, असा हिशोब धरला. पण ट्रॉलर तर मासा जिथं गोळा होतो तिथंच जाऊन जाळं टाकतो. उरलासुरला मासा एका जागी आला तरी त्याचं जाळं भरणारच. किनाऱ्यावरचे छोट्या होड्यांतले लोक ऐंशीच्या दशकात ओरडत होते की मासा कमी झालाय, बारीक झालाय. त्यांचं कुणी ऐकलं नाही. त्यांच्याजवळ आलेख नव्हता, हातात फक्त बारका मासा होता. उपाशी माणसाचं म्हणणं ह्या व्यवस्थेत पुरावा धरत नाहीत. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून मी कोट्याच्या विरोधात नाही. मर्यादा पाहिजेच. पण मर्यादा म्हटली की दोन सवाल येतात. किती? आणि कुणाला? सरकारं पहिल्या सवालावर चर्चा करतात नि दुसरा गुपचूप उरकून घेतात. हे कसं उरकतात ते बघायचं तर न्यूझीलंडकडं बघू.

न्यूझीलंडनं ऑक्टोबर १९८६ पासून कोट्याची पद्धत आणली. सुरुवात २६ जातींच्या माशांपासून. जगभर तिचं कौतुक होतं. आज तिथं मंत्री प्रत्येक साठ्याची मर्यादा ठरवतो. त्यातून माओरींच्या रूढीच्या मासेमारीसाठी आणि हौशी गळवाल्यांसाठी काही बाजूला काढतात, उरलेला धंद्याचा कोटा. बहुतेक साठ्यांसाठी मासेमारीचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. कागदावर सगळं चोख.

आता वाटप कसं झालं ते ऐका. मागल्या काही वर्षांत ज्याच्या नावावर जितका मासा नोंदला, त्या हिशोबानं त्याला कोटा. म्हंजे ज्यानं जास्त ओरबाडलं त्याला जास्त. ज्यांच्यामुळं मासा कमी झाला, त्यांनाच मासा वाचवायचं बक्षीस. खोल दर्यातला मासा तर त्याआधीच, १९८३ साली, नऊ कंपन्यांना वाटून टाकला होता. आणि त्याच १९८३ च्या कायद्यानं एक चाळण लावली. ज्याची वर्षाची ८० टक्के कमाई मासेमारीतून, किंवा ज्याची मासेमारीतली कमाई १० हजार डॉलर, तोच मच्छिमार. बाकीचे बाद. बाद कोण झाले? थोडी शेती, थोडी मजुरी, थोडी मासेमारी असं करून जगणारे. त्यात माओरी किती तरी. गरीब माणूस कधी एका धंद्यावर जगतो का? चार ठिकाणी राबतो म्हणून तर तो गरीब. चार ठिकाणी राबतो म्हणूनच तो यादीतून बाहेर. तीन वर्षांनी कोटा वाटला तेव्हा वाटपाच्या रांगेत तो नव्हताच.

दोस्तांनो, ह्याला आपल्याकडं एक जुना शब्द आहे. वतन. पाटलाचं वतन, कुलकर्ण्याचं वतन. कधीकाळी कुणा राजानं दिलेला हक्क. मग पिढ्यानपिढ्या गावाच्या पिकात वाटा, कष्ट न करता. आपल्यालाही वतन होतं. पण ते आपण धरलेलं नव्हतं, त्यानं आपल्याला धरलं होतं. चतकोर जमीन नि बलुतं देऊन सगळ्या गावाचं नि सरकारचं रात्रंदिवस काम. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते ह्याच साखळीवर घाव घालायला. म्हणून वतन नव्या कपड्यात आलं तरी ते आपल्याला ओळखता आलं पाहिजे. टनाच्या भाषेत आलं तरी ओळखता आलं पाहिजे.

माओरी गप्प बसले नाहीत. १८४० साली इंग्रजांच्या राणीनं त्यांच्याशी वैतांगीचा करार केला होता. त्यात जमिनी, जंगलं नि मासेमारीच्या जागा त्यांच्याकडं राहतील, असं लिहून दिलं होतं. लिहून दिलेलं आणि हातात आलेलं ह्यात किती अंतर असतं, ते चवदार तळ्यानं आपल्याला शिकवलंय. महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा. ओंजळ पाण्यात गेली ती २० मार्च १९२७ ला.

माओरींचीही एक ओंजळ आहे. जानेवारी १९८४ मध्ये टॉम ते वीही नावाच्या माणसानं तिथल्या जमातीच्या जाणत्याला विचारून किनाऱ्यावरून पाउआ काढले. पाउआ म्हंजे खडकाला चिकटणारा शिंपल्यातला जीव. नग ४६. सरकारी मापापेक्षा लहान म्हणून त्याच्यावर खटला भरला. १९८६ साली हायकोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. म्हटलं, रूढीचा हक्क शाबूत आहे. बघा, ज्या वर्षी कंपन्यांना हजारो टनांचा कोटा मिळाला, त्याच वर्षी ४६ शिंपल्यांचा निकाल लागला. पण त्या ४६ शिंपल्यांनी दार उघडलं. उत्तर टोकाच्या मुरीव्हेनुआच्या जमाती नि इतर माओरी कोर्टात गेले. १९८७ साली कोर्टानं पुढच्या कोटावाटपाला मनाई केली. सरकारला बोलणी करावी लागली. १९८९ च्या कायद्यानं १० टक्के कोटा माओरींना द्यायचं ठरलं. १९९२ च्या समझोत्यात सीलॉर्ड ह्या मोठ्या कंपनीचा निम्मा हिस्सा त्यांच्यासाठी घेतला, सरकारनं त्यासाठी १५ कोटी डॉलर दिले. शिवाय पुढं ज्या ज्या जातीचा मासा पद्धतीत येईल, त्याच्या कोट्यात माओरींना २० टक्के.

म्हंजे कोट्यात कोटा! कंपन्यांचा कोटा हा हक्क, नि माओरींचा २० टक्के ही खैरात, अशी कुरकुर करणारे तिथंही आहेत. ही कुरकुर आपल्या कानाला ओळखीची आहे.

इथं टाळ्या वाजवून थांबलो तर आपला अभ्यास कच्चा राहील. पुढं बघू.

माओरींचा वाटा आला, पण माओरींत तो कुणाला? सरकारनं जमातीला दिला, किनाऱ्यावरच्या पिढीजात जमातीला. आणि माओरी बहुसंख्येनं राहतात शहरात. कारखान्यात, गोदीत, सरकारी वसाहतीत. दोन-तीन पिढ्या झाल्या. पुष्कळांना आपली जमात कोणती तेही सांगता येत नाही. त्यांच्या शहरी संघटना कोर्टात गेल्या की आम्हीही माओरी, आमचा वाटा? खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. २००१ साली ते हरले. २००४ च्या कायद्यानं शहरातल्यांसाठी २ कोटी डॉलरचा एक ट्रस्ट करून दिला, मासा मात्र जमातींकडं. वरळी-नायगाव-धारावीत वाढलेल्या पोरांनो, हे नीट ऐका. आपल्यालाही विचारतात, तुमचं गाव कुठलं? गावात तुमचं काय होतं? गावकुसाबाहेर आमचं काय होतं ते आम्हाला माहीत आहे. हक्काचा दाखला गावाकडं बोट दाखवून मागितला, की शहरातला शोषित माणूस हरतो.

आणि कोटा हातात आल्यावर काय होतं? २००१ पासून तिथं कोट्यातून दरवर्षी त्या वर्षापुरता मासा मारायचा हक्क निघतो. तो वेगळा विकता येतो. त्यामुळं मालक किनाऱ्यावर बसून राहतो आणि दर्यावर जाणारा त्याला खंड देतो. आपण घोषणा दिल्या, कसेल त्याची जमीन. दर्यावर मात्र नवं कूळ तयार झालं. खोल दर्यात तर भाड्याची परदेशी जहाजं आणली. त्यावर इंडोनेशियाचे खलाशी. ऑगस्ट २०१० मध्ये ओयांग ७० नावाचं जहाज बुडालं, ५१ पैकी ६ माणसं मेली. २०११ साली ओयांग ७५ वरचे खलाशी मार नि बुडवलेल्या पगाराची तक्रार घेऊन बंदरात उतरून गेले. तेव्हा देशाला जाग आली. २०१६ पासून अशा जहाजांना न्यूझीलंडचाच झेंडा नि कायदा सक्तीचा झाला. अशाच परदेशी जहाजांनी माओरींच्या कोट्यातलाही काही मासा मारला. कडू आहे, पण बोललं पाहिजे. शोषितांच्या हातात वतन आलं म्हणून वतनाचा स्वभाव बदलत नाही. आपल्यातही नवे वतनदार तयार होतात. नावं घ्यायला लावू नका.

आणि मासा? काही साठे सुधारले, हे खरं. पण ऑरेंज रफीचं उदाहरण घ्या. खोल थंड दर्यातला मासा. सुरुवातीला वाटलं भराभर वाढतो, म्हणून कोटा भरमसाट दिला. मग त्याच्या कानातल्या हाडावरची वलयं मोजली, तेव्हा कळलं की हा शंभर वर्षांहून जास्त जगतो नि पिल्लं घालायच्या वयाला यायलाच वीस-तीस वर्षं लागतात. तोवर काही साठ्यांचा फडशा पडला होता. कोटा कमी करायची वेळ आली, तेव्हा कायद्याप्रमाणं सरकारनं मालकाकडून तो पैसे देऊन परत घ्यायचा होता. १९९० साली नियमच बदलला, टनाऐवजी टक्के केले. पण पाहा, मालकाचं टन कापायचं तर भरपाईचा विचार आधी. १९८३ साली ज्यांना यादीतून काढलं, त्यांच्या भरपाईचा विचार कुणी केला?

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. महाराष्ट्रात माणशी किंवा बोटीमागं वर्षाला अमुक टन असा कोटा नाही. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी आहे. २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. २०१७ साली एलईडी दिव्यांच्या उजेडातली मासेमारी बंद झाली. तरी छोटा कोळी ओरडतोच आहे की रात्री उजेड दिसतो. त्याचं ओरडणं न्यूफाउंडलंडच्या होडीवाल्यासारखंच वाऱ्यावर जातंय. तो आपला शत्रू नाही, हे ध्यानात ठेवा. ससून डॉकवर पहाटे कोळंबी सोलणारी बाई, बर्फ फोडणारा, पाटी वाहणारा, परगावाहून आलेला खलाशी, हे सगळे मिळून मासेमारी आहे. बंदीच्या दिवसांत ह्यांचा रोज बुडतो. मासा वाचवायची किंमत रोजंदारीवाला मोजतो नि वाचलेला मासा बोटवाला विकतो.

उद्या इथं कोटा येईल किंवा दुसऱ्या नावानं काही येईल. तेव्हा आपण सवाल तयार ठेवू. आकडा कुणाला विचारून काढला? यादी कुठल्या कागदावरून केली? बोटीच्या कागदावरून केली, तर जिच्या हातात फक्त सोलायची कोळंबी आहे तिचं नाव कुठं? हक्क विकता येणार का? विकता आला, तर दहा वर्षांनी तो कुणाकडं असेल हे आजच सांगून ठेवतो. मासा कमी धरायचा असेल, तर तोट्याची वाटणी कशी करणार? वरून खाली, की नेहमीसारखी खालीच?

संवर्धन पाहिजे. सर्वांत आधी आपल्यालाच पाहिजे. दर्या रिकामा झाला, तर कंपनी पैसा काढून दुसऱ्या धंद्यात घालील. आपण पाठ कुठं घेऊन जाणार? पण संवर्धनाच्या नावाखाली वतन वाटणार असाल, तर त्या कागदावर आमची सही नाही. मर्यादा सगळ्यांना, नि वाटा राबणाऱ्याला. ह्या दोन गोष्टी एका दमात मागायच्या. एक सोडून दुसरी मागितली की आपण फसलो.

जय भीम.