आमची जुनी रहाटणी



माझ्या लहानपणी रहाटणीत पहाट उजाडे ती मोटेच्या कुरकुरीने. पुढे पिंपरीस १९५४ साली सरकारने पेनिसिलीनचा कारखाना काढला. हळूहळू गावची तरुण मुले नांगर सोडून सायकलीवरून पाळीला जाऊ लागली. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. वावरांवर इमारती उठल्या. वावरे गेली, तशी त्यांची नावेही चालली. माझ्या आईला प्रत्येक तुकड्याचे, विहिरीचे नाव पाठ होते. 'उद्या लिहून घेईन' म्हणत मी राहिले, आणि ती गेली. आज मला त्यांतली चारच आठवतात.

म्हणून विनंती एवढीच, की घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी आजच वही घेऊन बसा. पुढल्या वर्धापनदिनी आपण त्या वह्या इथे वाचू.