मी सिनेमात काम केले!
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या जानेवारीत आमच्या दारात चार दिवस टेम्पो उभा होता आणि दिव्यांच्या तारा जिन्यावरून लोंबत होत्या, हे तुम्ही पाहिलेच आहे. तेव्हापासून आळीत बातमी आहे की, मी सिनेमात काम केले. कुणी विचारले, "सासूचं का हो?" कुणी विचारले, "पैसे किती दिले?" कार्यवाहबाई म्हणाल्या, "एकदा सगळ्यांना सांगूनच टाका." म्हणून आज उभी आहे. बोलण्याची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट, मी पडद्यावर कोठेही दिसत नाही. दुसरी गोष्ट, पैसे मिळाले नाहीत. चार दिवस चहा आणि वडापाव मात्र पोटभर मिळाला.

झाले असे. माझ्या धाकट्या बहिणीची नात सिनेमाचे शिक्षण घेते. अभ्यासाचा भाग म्हणून तिला चौदा मिनिटांचा एक चित्रपट करावयाचा होता, आणि त्यासाठी जुन्या पद्धतीचे स्वयंपाकघर हवे होते. पुण्याला सिनेमा नवा नाही. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून येथे आली, आणि तिच्याच आवारात १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. पण आपल्या ओट्यापर्यंत सिनेमा येईल असे मला वाटले नव्हते. मी होकार दिला. मग एक मुलगी आजारी पडली आणि नात म्हणाली, "मावशीआजी, तू कंटिन्यूइटी बघशील का? तुझी नजर बारीक आहे."

आता हे कंटिन्यूइटी म्हणजे काय, ते सांगते. आपल्याला वाटते, बाई मटार सोलत बसली आहे, ते एका दमात टिपले असेल. तसे नसते. तोच प्रसंग एकदा दारातून घेतात, एकदा बाजूने, एकदा नुसते हात. मध्ये दोन-दोन तास जातात. पुढे हे तुकडे जोडतात. चौकड्यांच्या कापडाचा ब्लाऊज शिवताना शिवणीवर चौकड्या जुळाव्या लागतात ना, तसेच हे आहे. दारातून घेताना वाटी अर्धी भरलेली असेल, तर बाजूने घेतानाही ती अर्धीच हवी. पदर कोणत्या खांद्यावर, बांगड्या किती, पेल्यात पाणी कुठवर, हे सारे वहीत टिपायचे आणि फोनवर त्याचे चित्र घेऊन ठेवायचे. हे माझे काम.

इतरांचीही कामे पाहिली. पाटीवर आकडे लिहून ती फटकन वाजवतात, ते दिमाखासाठी नव्हे. चित्र एका यंत्रात आणि आवाज दुसऱ्या यंत्रात टिपला जातो. त्या 'फट्‌'वरून दोन्ही जुळवता येतात. आवाज टिपणाऱ्या मुलाने माझा फ्रीज बंद केला, कारण त्याची घरघर ऐकू येते. आणि स्वतःच्या स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली. मी म्हटले, "अरे, हे काय?" तो म्हणाला, "आजी, फ्रीज चालू करायला विसरलो तर किल्लीवाचून घरी कसा जाईन?" ही युक्ती मला फार आवडली. शेवटी तो सगळ्यांना अर्धा मिनिट श्वास रोखून उभे करी आणि नुसती शांतता टिपून घेई. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते म्हणे.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी मटारांचाच प्रसंग होता. आई मटार सोलते आहे आणि परदेशातून मुलाचा फोन येतो. सकाळी दारातून तो प्रसंग छान झाला. जेवणाची सुट्टी झाली. सारे गच्चीवर गेले, मी खाली राहिले. समोर मटारांच्या सालींचा ढीग. चाळीस वर्षांची सवय, भगिनींनो! मी साली उचलून बादलीत टाकल्या, टेबल स्वच्छ पुसले आणि हात धुऊन जेवायला गेले.

दुपारी बाजूने दोन शॉट झाले. तिसऱ्याच्या तयारीत मी सहज वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: 'डाव्या हाताशी सालींचा ढीग.' पोटात धस्स झाले.

कोणाच्याच लक्षात आले नव्हते. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन उतरू लागले होते. काम करणाऱ्या बाईंना संध्याकाळच्या गाडीने साताऱ्यास परतायचे होते. खरे सांगते, गप्प बसावे असे वाटले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सणाच्या आमटीत मी दोनदा मीठ घातले होते. तेव्हा सांगण्याची हिंमत झाली नाही. गुपचूप दोन बटाटे टाकून मोकळी झाले. जेवणारे काही बोलले नाहीत, पण ते सारे दुपारभर पाणी पीत होते. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी असे बटाटे टाकले असतील. चूक कबूल केली की घरात काय ऐकावे लागते, हे आपल्याला लवकर कळते, आणि लपवण्याची कला अंगी बाणते.

पण येथे बटाटा टाकण्याची सोय नव्हती. आज लपले असते ते पुढे तुकडे जोडताना उघडे पडले असते, आणि तेव्हा ना बाई असती, ना ऊन, ना उपाय. मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हटले, "थांबा. माझी चूक झाली. साली मी काढून टाकल्या. मागचे दोन्ही शॉट चुकले."

क्षणभर कोणी बोलेना. नातीने ओठ घट्ट मिटले. मग तिने एवढेच विचारले, "साली कुठे आहेत?" मी म्हटले, "बादलीत." फोनमधले चित्र समोर धरून आम्ही तिघींनी तो ढीग पुन्हा होता तसा रचला. दोन्ही शॉट पुन्हा झाले. चाळीस मिनिटे गेली.

त्यामुळे एक शॉट राहिला तो राहिलाच. आई फोन ठेवून खिडकीशी उभी राहते आणि तोंडावर शेवटचे ऊन पडते, असा तो होता. नातीने त्यासाठीच माझे घर निवडले होते. ऊन गेले आणि बाईही साताऱ्यास गेल्या. मला रडू आवरेना. नात म्हणाली, "मावशीआजी, तू सांगितलंस म्हणून एकच शॉट गेला. नाहीतर सगळा प्रसंग गेला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला शॉट होताच तो किल्लीवाला मुलगा हात वर करून म्हणाला, "यंत्र चालू करायला विसरलो. पुन्हा घेऊ या." दोन मिनिटांत काम पुन्हा झाले. चहाच्या वेळी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आजी, काल तुम्ही बोलला नसता, तर आज मी बोललो नसतो."

भगिनींनो, दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. त्या कामात सरस्वतीबाई फाळके कंपनीतल्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक करीत आणि फिल्मच्या कडेला छिद्रेही पाडीत. छिद्र चुकले तर फिल्म यंत्रात सरळ चालायची नाही. पडद्यावर न दिसणारे असे काम किती नेमके असावे लागते, हे मला त्या चार दिवसांत कळले. आणि हातून चूक झालीच, तर ती लगेच सांगणे हाही कामाचाच भाग आहे, हे साठी उलटल्यावर त्या मुलांच्यात शिकले.

मार्चमध्ये चित्रपट पाहिला. शेवटी नावांच्या यादीत माझे नाव होते. पण माझे डोळे त्या खिडकीवरच होते. तो शॉट नाही, हे इतर कोणाला कळणार नाही; मला कळते.

मंडळापुढे एकच विनंती. हिशेबात, फराळाच्या ऑर्डरीत, सहलीच्या बेतात कोणाची चूक झाली आणि ती बाई स्वतः उठून सांगू लागली, तर तिला आधी "कशी झाली?" असे विचारू नका. "साली कुठे आहेत?" असे विचारा. ढीग आपण सगळ्या मिळून पुन्हा रचू.