आधी भाकर, मग पुढची वाट

(आदिवासी सेवाकार्याच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात एका परिचारिका भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात आम्ही कामाचा अहवाल देतो. किती रुग्ण तपासले, वसतिगृहात किती मुले आहेत, किती पाड्यांवर जाऊन आलो, हे सगळे छापून तुमच्या हातात दिलेले आहे. त्यात न आलेली एक गोष्ट मला आज सांगायची आहे. ती माझ्या चुकीची आहे.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै महिना होता. जव्हार-मोखाड्याकडे तेव्हा भाताची आवणी चालू असते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे पावसाआधी परतलेली असतात. बाळे अशक्त झालेली असतात, लसी राहून गेलेल्या असतात. दवाखान्यात सर्वांत जास्त गर्दी याच दिवसांत होते.

एके दुपारी मी दार लावत असताना एक कातकरी बाई तापाने फणफणलेले मूल घेऊन आली. ताप तीन दिवसांचा होता. मी तिच्यावर ओरडले, "तीन दिवस काय करत होतीस? मूल मेल्यावर आणणार होतीस का?" ती हळूच म्हणाली, "ओहोळाला पूर होता, बाय." मी औषध दिले. मूल बरे झाले.

पुढच्या महिन्यात त्याच मुलाला जुलाब लागले, तेव्हा मात्र ती आमच्याकडे आली नाही. मूल पार सुकून गेल्यावर शेजारणीने आशाताईंना कळवले आणि त्याला तालुक्याच्या रुग्णालयात हलवावे लागले. देवाच्या कृपेने ते वाचले. ती आपल्याकडे का आली नाही, असे मी आशाताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "सिस्टर, ती म्हणते, तिथल्या बाई रागावतात."

त्या रात्री मला झोप आली नाही. खरे तर कित्येक महिने नीट झोप नव्हतीच. सकाळी उठले तरी अंग मोडलेले. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचे. ज्या बायांची नावे मला तोंडपाठ होती, त्या माझ्या मनात 'दहावी केस', 'अकरावी केस' झाल्या होत्या. उपासनेत डोळे मिटायचे, पण प्रार्थना सुचायची नाही. आणि मनात एकच विचार, की इतकी वर्षे राबून काय बदलले?

याला बर्नआउट म्हणतात. आपल्या भाषेत, आतून करपून जाणे. भातातले पाणी आटले तरी चुलीखालचा जाळ चालूच ठेवावा, तसे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली याविषयी लिहिले, तेही न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांकडे पाहून. म्हणजे हे नाव कामचुकारांवरून पडलेले नाही. जीव ओतून सेवा करणाऱ्यांवरून पडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याच्या तीन खुणा सांगितल्या : शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. हा स्वतंत्र आजार नाही, तर कामाचा ताण दीर्घकाळ न निवळल्याचा परिणाम आहे, असे ती संघटना म्हणते. माझ्यात तिन्ही खुणा होत्या. मला वाटत होते, माझा विश्वास कमी पडतो आहे.

काहींनी सांगितले, उपास धर, प्रार्थना वाढव. एका वयस्कर पाळकबाईंनी मात्र मला घरी नेले आणि म्हणाल्या, "आधी जेव. मग झोप. प्रार्थना मी करते." दोन दिवसांनी त्यांनी माझ्यापुढे पहिल्या राजांचा एकोणिसावा अध्याय उघडला.

एलीयाची ही गोष्ट आपण शब्बाथशाळेपासून ऐकतो. कर्मेल डोंगरावर त्याने केवढा विजय पाहिला! आणि पुढच्याच अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला काय केले ते पाहा. रागावला नाही. उपदेशही केला नाही. त्याला झोपू दिले. दूताने उठवले तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खाऊन पुन्हा झोपला, तरी दूत दुसऱ्यांदा आला, कारण वाट लांबची होती. 'तू इथे काय करतोस?' हा देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेबावर आला. एलीया म्हणाला, मी एकटाच उरलो. देवाने त्याला सांगितले की सात हजार अजून उरले आहेत, आणि सोबतीला अलीशाही दिला.

भाकर, झोप, मनातले बोलायला जागा आणि सोबती. देवाने संदेष्ट्याला जे दिले ते आम्ही स्वतःला नाकारत होतो, आणि त्याला सेवा म्हणत होतो.

आता आठवड्यातून एक दिवस माझा फोन दुसऱ्या सिस्टरकडे असतो. शनिवारी संध्याकाळी आम्ही सर्व कार्यकर्ते तासभर बसतो. अहवाल नाही, फक्त त्या आठवड्यात काय जड गेले तेवढे बोलतो. आणि त्या बाईच्या पाड्यावर जाऊन मी तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही. चहा मात्र दिला. डिसेंबरात ती भट्टीवर गेली नव्हती, तेव्हा मुलाला घेऊन स्वतःहून दवाखान्यात आली.

हे फक्त परिचारिकांचे नाही. तुमच्यातही कोणी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सगळे एकटीने करते. कोणी शाळा, घर आणि मंडळीची कामे सांभाळते. चिडचिड वाढली, माणसे नकोशी झाली, तर स्वतःला दोष देण्याआधी थांबा. एकदा रक्त तपासून घ्या; रक्त कमी असले किंवा थायरॉईडचा त्रास असला तरी असाच थकवा येतो. विश्रांती घेऊनही मन उदासच राहिले, जगणे नको वाटले, तर डॉक्टरांकडे जा. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. त्यात अविश्वास नाही. आणि शेजारी कोणी असे दमलेले दिसले, तर "काही लागले तर सांगा" असे म्हणून निघू नका. "मंगळवारी दुपारी मी सासूबाईंजवळ बसते, तुम्ही झोपा," असे म्हणा.

शेवटी एक विनंती. तुम्ही इमारतीसाठी दिले, औषधांसाठी दिले, त्याबद्दल आभार. पण दुसऱ्या सिस्टरच्या मानधनाची सोय मार्चपर्यंतच आहे. विश्रांतीसाठी देणगी मागायला संकोच वाटतो. तरी मागते, कारण माझ्या थकव्याची किंमत एका मुलाने मोजली.

प्रार्थनेचे विषय : भट्ट्यांवर गेलेली कुटुंबे आणि मागे वसतिगृहात राहिलेली त्यांची मुले, पाड्यांवर एकटीने काम करणाऱ्या आशाताई, घरी आजाऱ्यांची सेवा करणारे सर्वजण, आणि आम्हां कार्यकर्त्यांना वेळेवर थांबण्याची बुद्धी मिळावी म्हणून.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो. आमेन.