पुढच्या रांगेतून तमाशा

आज हप्ते नाहीत, कर्जप्रकरण नाही. आमच्या बचत गटातल्या १४ जणी गावच्या यात्रेत तमाशाला गेलो होतो, त्या रात्रीचं सांगायचंय.

आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं. नारायणगाव जवळच. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी येऊन सुपारी देतात. म्हणजे तमाशा आमच्या दारातला. पण बघायचा कुणी? पुरुषांनी. आम्ही देवळाच्या ओट्यावरून, पदर तोंडाशी धरून, ढोलकी तेवढी ऐकायची. यंदा मासिक बैठकीत विषय निघाला आणि ठरलं, जायचं, आणि पुढं बसायचं. घरोघरी एकच प्रश्न आला, ‘मग भाकरी कोण टाकणार?’ आमच्यातल्या सगळ्यात वडील मावशींचे मालक म्हणाले, ‘मी टाकतो, जा तू.’ हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

फडाचा ट्रक आदल्या गावाहून यायला उशीर झाला. लोक शिट्ट्या मारायला लागले. तेव्हा पंचांनी गावातल्या कॉलेजच्या पोरांना माईक दिला. ही पोरं रॅप करतात. एक जण तोंडानं ताल धरतो, लोकांनी शब्द द्यायचा आणि दुसऱ्यानं तिथल्या तिथं जुळवायचं. आम्हाला वाटलं, झाली कटकट. आमच्यातून कुणीतरी थट्टेनं ओरडलं, ‘हप्ता!’ माईक होता आमच्याच एका ताईंच्या मुलाकडं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला,

‘हप्ता भरते आई, मी उडवतो गाडी,
तिच्या टाचेला भेगा, माझ्या बुटांची नवी जोडी.’

पोरांनी कल्ला केला. आम्ही ताईंकडं पाहिलं. त्या पुढं बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, ‘बुटांचं मला सांगितलंच नव्हतं मेल्यानं.’ पण रात्रभर त्यांनी ते दोन चरण पुन्हा पुन्हा पुटपुटले. खरं म्हणजे यात आम्हाला नवं काय? जात्यावर बसून आमच्या आज्यांनी दुसरं काय केलं? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्यांना कुणी माईक दिला नव्हता, एवढाच काय तो फरक.

मग ट्रक आला, बोर्ड उभा राहिला, गण झाला, गौळण झाली आणि बतावणी सुरू झाली. बतावणीचा ढाचा ठरलेला असतो, पण शब्द बरेचसे जागेवरचे. सोंगाड्या समोर बघतो आणि बोलतो. गावचा रस्ता, पाण्याचा टँकर, पंचांचं पोट, काहीच सुटत नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके रोज ताज्या बातम्यांवर कोट्या करायचे म्हणतात, ती कला मूळची इथली.

आम्हाला पुढच्या रांगेत बघून सोंगाड्याला आयतंच मिळालं. ‘अगं बया, गौळणी मथुरेला न जाता बँकेत निघाल्या! आणि यांचे नवरे घरी काय करतात? भाकरी थापतात!’ मागं हशा उसळला. आम्ही खाली माना घातल्या. तेवढ्यात आमच्या त्या मावशी उठल्या, पदर खोचला आणि उखाणाच घेतला. ढोलकी कडाडते, समोर रंगलाय फड, अमुकरावांची भाकरी जाड, पण पोटाला नाही जड! (नाव रेडिओवर घ्यायचं नाही, अशी त्यांना घरून ताकीद आहे.) ढोलकीवाल्यानं लगेच तोडा वाजवला. सोंगाड्यानं टोपी काढून मावशींना मुजरा केला आणि म्हणाला, ‘मालक, यांना फडात घ्या, मी चाललो भाकरी टाकायला.’

सगळंच गोड झालं असं नाही. पुढं एका टाकलेल्या बाईवर त्यानं घाणेरडी कोटी केली. मागं लोक हसले. आम्ही १४ जणी हसलो नाही. समोरची रांग गप्प बसली की बोर्डावरच्या माणसाला ते लगेच कळतं. त्यानं विषय बदलला आणि पुन्हा तिकडं वळला नाही. जागेवर विनोद करणारा समोरच्या तोंडाकडं बघून करतो. इतकी वर्षं समोर फक्त पुरुष होते, मग विनोदही त्यांच्याच मापाचा.

सकाळी हजेरीच्या आधी आम्ही फडातल्या बायांना चहा घेऊन गेलो. रात्री शालू नेसून नाचलेली एक जण ट्रकच्या सावलीत लेकराला पेज भरवत होती. आम्हाला विठाबाई आठवल्या. तमाशा चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आमच्या भागात लहानपणापासून ऐकलेली. ही बाई सांगत होती, हंगामाआधी मालकाकडून उचल घ्यायची आणि दसऱ्यापासून वैशाखापर्यंत नाचून ती फेडायची. २०२० आणि २०२१ ला यात्रा बंद राहिल्या. नाच थांबला, उचल तशीच राहिली.

मग तिनंच विचारलं, ‘ताई, तुमच्या गटात माझ्यासारखीला घेतात का?’

आमच्यापैकी कुणाला पटकन बोलता आलं नाही. नियमित बैठक हा आमचा पहिला नियम. ती रोज नव्या गावात. पावसाळ्याचे चार महिने तेवढी घरी. ‘विचारून सांगतो,’ म्हणून आम्ही तिचा फोन नंबर घेतला. येत्या बैठकीत हा विषय घेतोय, ग्रामसंघातही मांडणार आहोत. फिरत्या बायांचा गट कुणी चालवत असाल, बैठका आणि बचत कशी सांभाळता ते आम्हाला रेडिओ केंद्रावर कळवा. तिला फोन करायचाय.