वादळाच्या उगमाकडे निघालेली नुना

अलास्काच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. तिथल्या इनुपियाक समाजात एक गोष्ट सांगितली जाते. हिमवादळ थांबायचे नाव घेत नाही, शिकार बंद पडते, गावावर उपासमारीची वेळ येते. तेव्हा एक मुलगा वादळाच्या उगमाच्या शोधात निघतो. वाटेच्या शेवटी त्याला बर्फ उपसत बसलेला एक धिप्पाड माणूस दिसतो आणि त्याच्या प्रत्येक घावासरशी वारा उठत असतो. ‘कुनुक्सायुका’ नावाची ही गोष्ट रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड हे जुने कथेकरी सांगत. 2014 मध्ये तिच्यावर ‘नेव्हर अलोन’ हा व्हिडिओ गेम आला. त्यात मुलाच्या जागी नुना नावाची लहान मुलगी आली आणि तिच्या सोबतीला एक पांढरा ध्रुवीय कोल्हा.

मुलांना संस्कृती ‘शिकवायला’ निघालेले बहुतेक गेम एका ठरलेल्या खड्ड्यात पडतात. थोडे पळा, मग एक परिच्छेद वाचा, मग प्रश्नाचे उत्तर द्या. मूल परिच्छेद न वाचताच पुढचे बटण दाबते, आणि त्यात मुलाची काहीच चूक नसते. नुनाच्या गेममध्ये शिकण्याची जागाच वेगळी आहे.

वाऱ्याचेच घ्या. पडद्यावर नुना बर्फाच्या कड्यावरून चालत असते आणि अचानक समोरून झोत येतो. खेळणाऱ्याने त्या क्षणी तिला खाली वाकवून बर्फाला घट्ट धरायला लावले नाही, तर ती मागे फेकली जाते. वारा पाठीमागून असेल तर त्याच झोतावर एरवी न जमणारी लांब उडी मारता येते. थोड्याच वेळात खेळणारा उडी मारण्याआधी हवेतल्या हिमकणांची दिशा बघू लागतो. वारा ओळखून पाऊल टाकायचे, हे त्याला कुणीही वाक्यात सांगितलेले नसते.

कोल्ह्याचेही तसेच. तो उंच भिंतीवर सरसर चढतो. त्याच्या जवळ असण्याने पूर्वी न दिसलेले आत्मे प्रकट होतात आणि त्यांच्यावर पाय देऊन नुनाला पुढे जाता येते. जड वस्तू ढकलणे, दोरी चढणे ही कामे नुनाची. दोघांपैकी एक जरी मेला तरी डाव मागे जातो. माणूस आणि प्राणी एकमेकांवाचून जगू शकत नाहीत, ही इनुपियाक जीवनाची धारणा इथे खेळाचा नियम होऊन बसली आहे. दोघांनी मिळून खेळल्यावर ती सर्वांत चांगली कळते. एकट्याने खेळताना कोल्हा संगणक चालवतो आणि तो नको तिथे झेप घेतो, ही तक्रार समीक्षकांनी केली होती. ती गंभीर मानली पाहिजे, कारण सोबत्यावरचा विश्वास उडाला की धडाच निसटतो.

हे साधले याचे कारण गेम कुणी केला यात आहे. अँकरेजची कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल ही अलास्कातल्या मूलनिवासींसाठी काम करणारी संस्था. अनुदानापलीकडचे उत्पन्नाचे साधन शोधताना संस्थेच्या प्रमुख ग्लोरिया ओनील यांनी गेमचा मार्ग धरला आणि ‘ई-लाइन मीडिया’ या कंपनीशी हात मिळवले. क्लीव्हलंड यांच्या कन्या मिनी ग्रे यांच्याकडे जाऊन गोष्टीसाठी परवानगी मागितली गेली. गोष्ट कुणाकडून आली हे सांगणे आणि तिच्या वारसांना विचारणे हा या कामाचा पहिला टप्पा होता. लेखक इश्मेल होप यांच्यासह वडीलधारे, कथेकरी असे सुमारे 40 जण निर्मितीत सहभागी झाले. निवेदन इनुपियाक भाषेतच आहे, भाषांतर पडद्याच्या तळाशी. मधली दृश्ये वॉलरसच्या दातावरील कोरीवकामाच्या शैलीत काढली आहेत.

माहिती द्यायचीच होती, तिथेही घाई नाही. वाटेत घुबडे दडलेली असतात. घुबड सापडले की एक छोटा माहितीपट खुला होतो. असे 24 माहितीपट आहेत. ते तेव्हाच पाहा, नंतर पाहा, वाटल्यास पाहूच नका. त्यासाठी खेळ थांबवावा लागतो, हा दोष खराच. पण नुकतेच आपण ज्या बर्फावरून घसरलो त्याविषयी तिथला माणूस बोलू लागला की कान टवकारतात. 2015 मध्ये या गेमला पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये ‘राजी’ आणला. असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या राजीला दुर्गेचा त्रिशूळ मिळतो. चित्रे डोळ्यांत भरणारी आहेत. पुराणकथा मात्र भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबून ऐकायच्या, आणि हात गुंतलेले असतात लढाईत. तो शैक्षणिक गेम म्हणून केलेला नाही, तेव्हा तक्रार नाही; पण नुनाशेजारी ठेवला की फरक दिसतो.

मराठी मुलांसाठी कुणी असे काही करायला बसले तर वटपौर्णिमेची सावित्री आधी आठवेल. महाभारताच्या वनपर्वातली ही नायिका शस्त्र उचलत नाही. ती यमामागे चालत राहते आणि बोलते. सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, या अटीच्या आत राहून ती सासऱ्यांची दृष्टी मागते, त्यांचे राज्य मागते, वडिलांसाठी शंभर पुत्र मागते, आणि मग स्वतःसाठी शंभर. यम ‘तथास्तु’ म्हणतो आणि अडकतो. या खेळात बटण लागेल ते बोलण्याचे. कुठल्या वाक्यावर यम प्रसन्न होतो, कोणता वर आधी मागावा, गप्प राहिले तर यमाशी अंतर किती वाढते, हे नियम आधी कागदावर उतरवावे लागतील. चुकीचा वर मागणाऱ्या मुलाला डाव संपला असे सांगायचे, की आणखी थोडे चालू द्यायचे, हे ठरवल्याशिवाय चित्रकाराने ब्रश उचलू नये.