पांढरीची माती
(राजूर येथे केलेले भाषण)



चतुर्थीस आपण राजुरास पायी येतो. पण आपल्या तालुक्याचे गाव भोकरदन म्हणजेच दोन हजार वर्षांपूर्वीचे भोगवर्धन, हे आपणांस कोणी सांगितले काय? सांचीच्या स्तूपास दान देणारांत भोगवर्धनकरांची नावे दगडावर कोरलेली आहेत. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने देव व गुप्ते या विद्वानांनी तेथे उत्खनन केले. मणी निघाले, मडकी निघाली, आणि निघाली एक हस्तिदंती बाई. इटलीतले पाँपेई शहर इ. स. ७९ त राखेखाली गडप झाले. तेथे १९३८ साली सापडलेली बाई हिची बहीणच शोभते! हे काम कोणा शास्त्रीबुवांचे नव्हे, कारागिराच्या हातचे. पोथीने त्याचे नाव टाकले, मातीने त्याचे काम राखले.

पण अहवाल निघाला १९७४ त, तोही इंग्रजीत. कुंभारदादाने तो वाचावा कसा? इतिहास विभागाच्या पंडितांनो, एखादे व्याख्यान अंगारकीस येथे, आमच्या बोलीत द्या.

आणि शेतकरी बांधवांनो, माळवदासाठी पांढर उकरता, तेव्हा मणी, नाणे लागले तर विकू नका. जागा ध्यानात ठेवा, शाळेत मास्तरांस दाखवा, तहसिलीत कळवा.