दंडाचे हाड मोडते तेव्हा

(एका पंचायत सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खांदा आणि कोपर यांच्यामधील एका हाडाविषयी आज बोलावयाचे आहे. मी वैद्यक शिकलेला मनुष्य नव्हे. कलाशाखेचा पदवीधर व प्रसिद्धी खात्याचा अधिकारी. तथापि अस्थिरोगतज्ज्ञ जे सांगतात ते लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे कामच होय. या हाडाच्या बाबतीत ते वेळेवर पोहोचले नाही, तर एखाद्या मुलाचा हात जन्मभर निकामी होऊ शकतो.

आपण ज्याला दंड म्हणतो त्यातील हाडाला वैद्यकीय परिभाषेत भुजास्थी म्हणतात. ते तीन ठिकाणी मोडते, आणि तिन्ही ठिकाणची माणसे बहुधा निराळी असतात. खांद्यालगत मोडते ते उतारवयात; हाडे ठिसूळ झालेली असली म्हणजे पावसाळ्यातले शेवाळलेले अंगण किंवा न्हाणीघरातील ओली फरशी एवढे निमित्त पुरते. मधोमध मोडते ते दुचाकीच्या अपघातात, नाहीतर माडावरून वा काजूच्या झाडावरून पडल्यावर. कोपराच्या किंचित वर मोडते ते लहान मुलांचे, विशेषतः पाच ते सात वर्षांच्या वयात. पडताना मूल हात पुढे टेकते आणि सारा भार कोपरावर येतो.

हाड मोडल्याची शंका येताच हात ओढून पाहू नये, चोळू नये. ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत तो छातीशी धरून ओढणीची किंवा पंचाची झोळी गळ्यात बांधावी. बांगड्या व अंगठ्या तत्काळ काढाव्यात, कारण सूज आल्यावर त्या निघत नाहीत. शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, म्हणून चहापाणी देऊ नये. हा शेवटचा नियम पाळणे आपल्याकडे सर्वांत कठीण. जखमी माणसाला घोटभर चहा पाजल्यावाचून शेजाऱ्यांना चैन पडत नाही! १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका येते.

हाडाच्या मधल्या भागात एक मज्जातंतू हाडाला बिलगून मागच्या बाजूने वळसा घेत जातो. मनगट व बोटे वर उचलण्याचे काम त्याचे. त्याला इजा झाली की पंजा मनगटापासून खाली लोंबू लागतो, आणि घरची मंडळी ‘हात गेला’ म्हणून धीर सोडतात. मधोमध हाड मोडलेल्या सुमारे दहांपैकी एका रुग्णात असे घडते. त्यांतील बहुतेकांचा तंतू काही महिन्यांत आपोआप सुधारतो. तोवर मनगटाला आधार द्यावा आणि दुसऱ्या हाताने बोटे हलवीत राहावे, म्हणजे सांधे आखडत नाहीत.

उपचार म्हटला की शस्त्रक्रियाच, असा एक समज अलीकडे बळावला आहे. मधल्या भागाचे पुष्कळसे अस्थिभंग शस्त्रक्रियेविना जुळतात. प्रथम प्लास्टरची पट्टी व झोळी, आणि सूज ओसरल्यावर दंडाभोवती घट्ट बसणारे प्लास्टिकचे वेष्टन, अशी ही पद्धत आहे. ऑगस्तो सार्मिएंतो या शल्यविशारदांनी १९७७ साली ती वैद्यकीय जगापुढे मांडली. लोंबत्या हाताच्या वजनाने आणि सभोवतालच्या स्नायूंच्या दाबाने हाड रेषेत येते. क्ष-किरण चित्रात थोडासा बाक दिसला तरी घाबरू नये. खांदा सर्व दिशांना फिरणारा असल्यामुळे तो बाक व्यवहारात जाणवत नाही. जुळण्यास साधारणपणे आठ ते बारा आठवडे लागतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यास अधिक. खांद्यालगतच्या अस्थिभंगाविषयी ब्रिटनमध्ये २५० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. हाड सरकलेल्या रुग्णांतही शस्त्रक्रिया आणि केवळ झोळी यांच्या परिणामांत दोन वर्षांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात जखमेतून हाड बाहेर आले असेल, रक्तवाहिनी दुखावली असेल किंवा हाड जुळतच नसेल, तर शस्त्रक्रियेस नकार देणे घातक होय.

आता मुलांच्या कोपराकडे वळतो. येथे हाडासमोरूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. सरकलेले हाड तिला दाबते, आणि वरून कोणी कामट्या आवळून बांधल्या तर उरलासुरला रक्तप्रवाहही खुंटतो. रक्ताविना स्नायू सुमारे सहा तासांनंतर मरू लागतात. मग बोटे आत वळून हात पक्ष्याच्या पंजासारखा आखडतो. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ साली या विकृतीचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. असा हात पूर्ववत करणे आजही साधत नाही.

हाडवैद्यांचा अधिक्षेप करण्याचा माझा हेतू नाही. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे बारा प्रकार सांगितले आहेत, सालींच्या फळ्या बांधण्याची रीत दिली आहे, आणि बंधन सैल असू नये तसेच फार घट्टही असू नये, घट्ट बंधनाने सूज व वेदना वाढतात, असेही बजावले आहे. ज्यांना परंपरेचा अभिमान आहे त्यांनी तिच्यातील हे वाक्य तरी मानावे.

बंधन वा प्लास्टर कोणीही घातलेले असो, रात्री मुलाची बोटे पाहावीत. बोटे फिकट वा थंड पडली, त्यांना मुंग्या आल्या, ती हळूच सरळ करताना मूल किंचाळले, किंवा औषध देऊनही वेदना वाढतच गेली, तर सकाळची वाट पाहू नये. आरोग्य केंद्र गाठावे, आणि तेथून बांबोळीस जाण्यास सांगितले तर तडक निघावे. हाड सरकलेले असल्यास डॉक्टर मुलाला भूल देऊन ते बसवितात व बारीक तारांनी स्थिर करतात. तीन-चार आठवड्यांत तारा निघतात.

प्लास्टर सुटल्यावर आणखी एक अनर्थ घडतो. कोपर वाकत नाही म्हणून तेल लावून जोराने चोळतात, कोणी हाताला ओझे लटकवितात. त्यायोगे स्नायूंतच नवे हाड तयार होऊन कोपर कायमचा आखडू शकतो. मुलाने आपल्या आपण हात हलवावा. मोकळीक हळूहळू येते. वडीलधाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या अनुज्ञेने खांद्याचा व्यायाम लवकर सुरू करावा. पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल झुलवावयाचा, एवढाच तो असतो.

आपल्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी येथे उपस्थित आहेत. त्यांनी काही क्ष-किरण चित्रे आणली आहेत. ती खिडकीजवळ उजेडात धरून त्या आपणांस समजावून सांगतील. शंका त्यांनाच विचाराव्यात, आणि मुलांनाही पुढे बसू द्यावे.